हेलियमच्या पाच डिस्क आणि एक लांब स्क्रू

पार्श्वभूमी

इंदुरातली एक जुनी मराठी संस्था. नाव घेत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एक-दोन खुणाही बदलल्या आहेत. चुका मात्र जशा झाल्या तशाच लिहितोय, कारण त्यातल्या दोन माझ्या आहेत.

संस्थेकडे साठेक वर्षांच्या गाण्याच्या बैठका, नाटकं आणि व्याख्यानं टेपवर होती. आधी स्पूल, मग कॅसेट, शेवटी मिनीडीव्ही. काही हौशी मंडळींनी ते सगळं आठ-दहा वर्षं खपून संगणकावर उतरवलं. ध्वनी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये घेतला, म्हणजे तासाला साधारण २ जीबी. मिनीडीव्हीचा एक तास १३ जीबी खातो, त्यामुळे तीन अंकी नाटक चाळीसच्या घरात जातं. असं करत करत साठा २४ टीबीवर (एक टीबी म्हणजे हजार जीबी) पोचला.

तो ठेवला होता मीच जुळवून दिलेल्या एका पेटीत. चार-चार टीबीच्या आठ साध्या हार्ड डिस्क, रेड-५ मध्ये. रेड-५ म्हणजे एक डिस्क गेली तर बाकीच्यांवरून तिचा मजकूर परत बांधता येतो. दोन गेल्या तर रामराम. पेटी वरच्या माळ्यावर, पत्र्याखाली. खाली जागा नव्हती आणि आवाजही नको होता. आठ डिस्क फिरत असल्या की चक्कीशेजारी बसल्यासारखं वाटतं.

या प्रकरणात माणसं चार: संस्थेचे कार्यवाह, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो; बँकेतून निवृत्त झालेल्या खजिनदार ताई; मी; आणि माझ्याकडे कामाला असलेला एक मुलगा.

समस्या

मे २०२२. बाहेर ४२ अंश, माळ्यावर किती ते मोजलं नाही, पण डिस्कचं तापमान ५३-५४ दाखवत होतं. उत्पादक साधारण ६० पर्यंत चालेल म्हणतात, पण चालेल आणि टिकेल यात फरक आहे. त्या आठवड्यात एक डिस्क गेली. नवी घातली, पुनर्बांधणी सुरू झाली, आणि अर्ध्यावर दुसऱ्या एका डिस्कवर वाचनाच्या चुका यायला लागल्या. नशिबाने पेटी तगली. गेलं ते एका नाटकाचं अर्धं चित्रीकरण आणि काही फोटो. त्या नाटकाची मिनीडीव्ही कॅसेट होती, पण ती चालवणारा कॅमेरा दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात आले. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पुढच्या मे महिन्यात मला माळ्यावर चढायला लावू नकोस."

पर्याय

मोठ्या आकाराच्या साध्या डिस्क घेणं हा पहिला विचार. पण गरम माळा, आठ मोटरी आणि आवाज हे सगळं तसंच राहणार होतं.

एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपांवरची डिस्क? एवढ्या साठ्याला ताईंनी भाव ऐकूनच वही मिटली.

क्लाउड? १०० एमबीपीएसची लाइन रात्रंदिवस पूर्ण वेगाने मिळाली, जी आमच्याकडे मिळत नाही, तरी २४ टीबी वर चढवायला बावीस दिवस. वर दरमहा भाडं. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला दरमहाचा खर्च नकोसा असतो. एकदाच देणगी मागणं सोपं. संगणकाचा मजकूर टेपवर ठेवायचंही बोललो, पण तशी टेप लिहिणारं यंत्रच लाखांत जातं.

राहिल्या १६ टीबीच्या हेलियम भरलेल्या डिस्क. इथे थोडं थांबतो, कारण काकांना समजावताना माझंही नीट समजून झालं.

साधी हार्ड डिस्क हवाबंद नसते. तिच्या झाकणावर बारीक भोक असतं, आत गाळणी, आणि शेजारी हे भोक बुजवू नका असा इशारा. बाहेरचा आणि आतला दाब सारखा राहावा म्हणून ते असतं. आत हवा लागतेच, कारण वाचणारं हेड मजकूर असलेल्या तबकडीला टेकत नाही. तबकडी फिरली की तिच्यासोबत हवेचा पातळ थर फिरतो आणि हेड त्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. म्हणूनच निर्वात करून भागत नाही. आणि म्हणूनच साध्या डिस्क साधारण ३,००० मीटर उंचीपर्यंतच चालवाव्यात असं उत्पादक लिहितात. इंदूर साडेपाचशे मीटरवर, तेव्हा ती काळजी आपल्याला नाही.

पण तीच हवा अडथळाही असते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणारी तबकडी हवा घुसळते. मोटरला जोर लागतो, उष्णता होते, आणि त्या घुसळणीने तबकड्या व हात किंचित थरथरतात. थरथर म्हणजे तबकडीवरच्या मजकुराच्या बारीक रेघेवरून हेड चुकणं. ते टाळायला तबकड्या जाड ठेवाव्या लागतात, मध्ये अंतर सोडावं लागतं, आणि इंचभर उंचीच्या डबीत पाच-सहाच्या वर बसत नाहीत.

हेलियमची घनता हवेच्या साधारण सातवा हिस्सा. हेड तरंगायला वायू मिळतो, पण घुसळण फार कमी. मग तबकड्या पातळ करता येतात, जवळ आणता येतात. एचजीएसटी या कंपनीने नोव्हेंबर २०१३ मध्ये अशी पहिली डिस्क बाजारात आणली, ६ टीबी, सात तबकड्यांची. २०१७ च्या अखेरीस तोशिबाने नऊ तबकड्यांची १४ टीबी जाहीर केली. शिवाय हेलियम उष्णता हवेपेक्षा सहापट चांगली वाहून नेतो, म्हणजे आतली धग लवकर बाहेरच्या कवचाला लागते आणि पंखा ती उचलतो.

"म्हणजे पेट्रोल पंपावर टायरात नायट्रोजन भरतात, तसं?" काकांनी विचारलं. तसं नाही. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो, त्याने डिस्कच्या आत काही फरक पडणार नाही. हायड्रोजन हेलियमपेक्षाही हलका, पण तो पेटतो.

मग काका हेलियमच्या जन्मावर घसरले, विजयदुर्गावरून शोध लागला म्हणून. १८ ऑगस्ट १८६८ च्या ज्या ग्रहणाशी तो शोध जोडतात, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन होते गुंटूरला. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर आले ते १८९८ च्या ग्रहणाला, तोवर हेलियम पृथ्वीवर प्रयोगशाळेतसुद्धा सापडून झाला होता. पण काकांचं आजोळ देवगडकडचं. चहा मागवला आणि विषय डिस्कवर आणला.

ताईंचा प्रश्न एकच होता, आणि तोच सगळ्यात नेमका: "गॅस संपला तर भरून मिळतो का?"

नाही मिळत. हेलियमचा अणू इतका लहान की रबरी गॅस्केटमधून निसटतो. म्हणून या डिस्कना स्क्रूचं झाकण पुरत नाही. त्यावर दुसरं पातळ झाकण लेझरने वेल्ड केलेलं असतं. तारांची वाटसुद्धा सीलबंद. भोक नाही, उघडायची सोय नाही. साधी डिस्क गेली तर मजकूर काढून देणारा स्वच्छ खोलीत झाकण उघडतो, हेड बदलतो, मजकूर काढतो. हेलियमवालीचं झाकण कापावं लागतं, आणि आतली हेडं हेलियमच्या हिशेबाने तरंगणारी असल्यामुळे हवेत ती नीट चालत नाहीत. ते काम करणारे थोडे आणि महाग. सिल्व्हर मॉल या इथल्या संगणक बाजारात मी तिघांना विचारलं. तिघांनीही मान हलवली, एक म्हणाला, "भिया, इसको तो हाथ भी मत लगाना."

विश्वासार्हतेचं म्हणाल, तर बॅकब्लेझ ही साठवणुकीचा व्यवसाय करणारी कंपनी आपल्याकडच्या हजारो डिस्कचे आकडे जाहीर करते. २०१८ मध्ये त्यांनी हवेच्या आणि हेलियमच्या डिस्कची तुलना केली, तेव्हा बिघडण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. त्यावर माझा विश्वास होता, अजूनही आहे.

काय केलं

निर्णय पहिला: किती डिस्क, आणि कुठे. पैसे पाचांचे होते. पाचही पेटीत घालून रेड-६ केलं. दोन डिस्क एकदम गेल्या तरी मजकूर राहतो, आणि ४८ टीबी जागा मिळते. रेड-६ चा आग्रह माझा, कारण १६ टीबीची एक डिस्क सेकंदाला २०० एमबीच्या वेगाने भरायची म्हटलं तरी बावीस तास लागतात. तेवढा वेळ एका डिस्कच्या जिवावर राहायचं नव्हतं.

वेगळी प्रत नंतर करू, पुढच्या वर्षीच्या देणगीतून, असं ठरलं. ही माझी पहिली चूक. तीन डिस्क पेटीत रेड-५ मध्ये ठेवल्या असत्या तर ३२ टीबी मिळाले असते, साठा २४ चाच होता, आणि दोन डिस्कवर पूर्ण प्रत काढून ती कोणाच्या तरी घरी कपाटात ठेवता आली असती. रेडने डिस्क वाचते. आग, चोरी किंवा चुकून पुसलेलं फोल्डर यांपुढे ते काही करत नाही. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, आणि पाच चकाकत्या डिस्क टेबलावर आल्यावर विसरलो.

त्यातून वाचवलं काकांनी, तेही कंजूषपणापोटी. जुन्या आठ डिस्क बदलीत द्यायच्या म्हटल्यावर ते म्हणाले, "असू दे, जागा काय खातात?" तेव्हा एक भंगार कॅबिनेट मिळवलं, शेवटची प्रत त्या जुन्या डिस्कवर ताजी केली आणि ते लोकमान्य नगरात एका सदस्याच्या घरी पलंगाखाली सरकवलं. दर तीन महिन्यांनी चालू करून नवं भरायचं.

निर्णय दुसरा: पेटी माळ्यावरून उतरवून तळमजल्यावरच्या कार्यालयात आणली. आवाज कमी असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

आता जोडणी. पाच डिस्क जोडल्या, बटण दाबलं, आणि एकही फिरली नाही. मुलगा म्हणाला, सगळ्याच मेलेल्या आल्यात. पाचही? त्यापेक्षा आपण चुकतोय हे संभवनीय. डेटा सेंटरसाठी बनवलेल्या बऱ्याच डिस्कमध्ये सॅटाच्या (डिस्क जोडायच्या नेहमीच्या पद्धतीच्या) वीजजोडणीतली तिसरी पिन डिस्क दुरून बंद करण्यासाठी वापरतात. जुना एसएमपीएस, म्हणजे पेटीला वीज पुरवणारा डबा, त्या पिनवर सतत ३.३ व्होल्ट देतो. डिस्क समजते की आपल्याला बंद राहायला सांगितलंय. उपाय हास्यास्पद वाटेल असा: जेल रोडवरच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून वीज न वाहू देणाऱ्या कॅप्टॉन टेपची वीतभर पट्टी आणली, चिमट्याने पहिल्या तीन पिनांवर चिकटवली. पाचही डिस्क गुरगुरल्या.

दुसरी अडचण लहान वाटली, आणि तीच पुढे नडली. या जास्त क्षमतेच्या डिस्कच्या तळाला नेहमीची मधली स्क्रूभोकं नसतात. आत तबकड्यांची गर्दी असल्याने ती कडेला सरकवलेली असतात. माझ्या जुन्या पिंजऱ्याला ती जुळेनात. मुलाने ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या, पट्टी आणि डिस्क यांमध्ये रबरी वॉशर घातले आणि थोडे लांब स्क्रू वापरले. काम छान दिसत होतं. मी पाठ थोपटली. तिसऱ्या डिस्कपाशी वॉशर संपले होते आणि त्याने तिथे ते घातलेच नाहीत, म्हणजे तेच लांब स्क्रू दोन-तीन मिलिमीटर जास्त आत गेले, हे मला दीड वर्षाने कळलं. स्क्रू किती आत जावा याची मर्यादा डिस्कच्या माहितीपत्रकात छापलेली असते. माहितीपत्रक माझ्या मोबाइलमध्ये होतं.

मजकूर भरण्याआधी प्रत्येक डिस्क एकदा पूर्ण लिहून पूर्ण वाचली. दोन दिवसांच्या वर गेले. ते करायलाच हवं. नवी डिस्क बिघडायची असेल तर दुकानात बिघडलेली बरी.

आकडा घसरू लागतो

या डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे ठेवतात, स्मार्ट म्हणतात त्याला. त्यात काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये २२ नंबरच्या ओळीत हेलियमची पातळी असते (काहींत ती २३ आणि २४ मध्ये असते). नवी असताना १००. आमच्या डिस्कची धोक्याची रेषा २५. मार्च २०२३ पासून काकांनी एका वहीत दर महिन्याच्या १ तारखेला पाचही आकडे लिहायला सुरुवात केली. कशाला, तर निवृत्तीनंतर सवय जात नाही म्हणून.

सप्टेंबरात तिसऱ्या रकान्यात ९९. मी म्हटलं, असेल. ऑक्टोबरात ९७. डिसेंबरात ९२. जानेवारी २०२४ मध्ये ८८. बाकी चारही ठिकाणी १०० च्या १००.

पेटीचा मुख्य पडदा मात्र पाचही डिस्कपुढे हिरवी खूण दाखवत होता. रेषा २५ वर असल्यामुळे तोवर तो काही बोलणारच नव्हता. काकांनी वही काढली नसती तर हे आम्हाला बिघाड झाल्यावरच समजलं असतं.

वॉरंटी केंद्राला फोन केला. उत्तर सरळ होतं: रेषा ओलांडली किंवा चुका आल्या तर बघू, ८८ ला काही करता येत नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

आता तीन वाटा. थांबायचं, कारण डिस्क चालतेय. किंवा लगेच काढायची आणि पेटी चारांवर चालवायची. किंवा आधी सहावी डिस्क आणायची आणि मग बदलायची. ताई थांबण्याच्या बाजूने होत्या. चालणाऱ्या वस्तूसाठी पैसे का, हा त्यांचा मुद्दा हिशेबाने चूक नव्हता. माझं म्हणणं एवढंच की घसरण एकाच दिशेने आणि वाढत्या वेगाने आहे, आणि ही डिस्क मेली तर तिच्यावरचं कोणी काढून देणार नाही. शेवटी मधला मार्ग निघाला. आधी लोकमान्य नगरातलं कॅबिनेट आणून त्यावर संपूर्ण प्रत ताजी केली. नंतर सहावी डिस्क मागवली, मुद्दाम दुसऱ्या व्यापाऱ्याकडून, म्हणजे एकाच खेपेतला माल नको. ती आल्यावर बदल केला. पुनर्बांधणी एकतीस तास चालली. त्या रात्री मी दोनदा उठून मोबाइलवर टक्के बघितले.

परिणाम

काढलेली डिस्क उलटी करून बाकावर ठेवली तेव्हा एका भोकाच्या तळाशी धातूवर बारीकसा चकाकणारा ठिपका दिसला, स्क्रूचं टोक टेकल्याची खूण. मुलाला विचारलं. त्याने वॉशर संपल्याचं सांगितलं, लपवलं नाही. गळतीचं कारण तेच होतं हे मी सिद्ध करू शकत नाही. कारखान्यातून आलेलं वेल्डही कच्चं असू शकतं. पण पाचांपैकी ज्या एकीला वॉशर नव्हते तीच गळावी, हे मी योगायोग म्हणून सोडून देणार नाही.

ती मी दुकानात चालू ठेवली, बघू तरी म्हणून. शेजारी तशीच एक गिऱ्हाइकाची डिस्क चाचणीला होती. एकाच पंख्यासमोर दोघी, आणि गळणारी चार-पाच अंश जास्त तापायची. हाताला सहज कळायचं. एप्रिलच्या मध्यावर आकडा २५ च्या खाली गेला आणि तिने स्वतःला नापास केलं. तोवर एकही वाचन-चूक नव्हती. ताईंचं थांबणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं, हे मी त्यांना फोन करून सांगितलं.

वॉरंटीला पाठवताना स्क्रूची खूण फोटोसह कळवली. दावा नाकारला गेला. सहाव्या डिस्कचे अर्धे पैसे मी संस्थेच्या खात्यात भरले. मुलाच्या पगारातून कापावे असं एकाने सुचवलं; पण माहितीपत्रक त्याच्या नाही, माझ्या मोबाइलमध्ये होतं.

बाकी गणित चांगलं बसलं. मे २०२४ मध्ये डिस्क ४१ ते ४४ अंशांवर होत्या. पेटीचा यूपीएसवरचा भार ९५ वॉटवरून ६० च्या आसपास आला. याचं सगळं श्रेय हेलियमला देऊ नये. आठाच्या जागी पाच मोटरी आणि पत्र्याच्या जागी तळमजला, यांचा वाटा मोठा आहे. आठाच्या पाच करणं हेलियममुळे जमलं, हे खरं.

आज पुन्हा करायचं झालं तर

आधी बाहेरची प्रत, मग पेटी. पलंगाखालच्या जुन्या डिस्कवर भिस्त ठेवावी लागली हा नशिबाचा भाग होता. त्या डिस्कनीच २०२२ मध्ये दगा दिला होता.

पिंजरा नव्या भोकांचा घेतला असता. दीड हजारांचा प्रश्न होता. पट्ट्या कापून वाचवले, आणि एक डिस्क गेली.

२२ नंबरची ओळ पहिल्या दिवसापासून आपोआप तपासायला लावली असती, आणि इशारा २५ ला नाही तर ९८ ला. आता ते केलंय. आकडा ९८ वर आला की मला आणि काकांना संदेश येतो. काकांनी वही मात्र बंद केलेली नाही.

२०२२ च्या उरलेल्या चार डिस्कची वॉरंटी पाच वर्षांची, ऑगस्ट २०२७ ला संपते. तोवर चालतील तेवढ्या चालवायच्या की दरवर्षी एक बदलत जायची, यावर कार्यकारिणीत दोनदा चर्चा झाली आणि दोन्ही वेळा विषय पुढच्या सभेवर गेला. माझं मत दरवर्षी एक. ताईंनी हिशेब मागितलाय, तो या आठवड्यात द्यायचा आहे.